पॅटर्न घरी आणायचा मोसम

परवा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ती लाकडी टपरी पुन्हा उभी राहिलेली दिसली आणि माझं डोकं सकाळीच फिरलं. टपरीवर तीच पाटी: 'आमच्याच भागातला श्पार्गेल'. आत फ्राऊ हुबर, तोच हिरवा एप्रन, तोच वजनकाटा, आणि पुढ्यात ओल्या फडक्याखाली पांढऱ्या कोंबांच्या जुड्या.

गाडीतून उतरता उतरता वैजू म्हणाली, "अहो, घेऊया का? मोसमातला पहिला आहे."

"नको."

"मग एवढं रागानं काय बघताय? त्या भाजीनं काय केलंय तुमचं?"

भाजीनं काही केलेलं नाही. उलट या देशातली ही एकच भाजी, जिनं मला पहिल्यापासून मानानं वागवलं. आपल्याकडे बाळंतिणीला शतावरी देतात ना, तिचीच ही गोरी चुलतबहीण. मातीच्या उंच वरंब्याखाली वाढते, ऊन लागायच्या आत कापतात, म्हणून पांढरी. मी घरचा जैन, इथं येऊनही मांसाला हात लावला नाही. त्यामुळे वर्षभर जर्मन टेबलावर मी एक अडचण असतो. वेटर माझ्याकडे बघून स्वयंपाकघरात जातो, परत येतो, सॅलड आहे म्हणतो. पण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या चोवीस तारखेपर्यंत सगळा बायर्न प्रांत श्पार्गेल, बटाटे आणि वितळलेलं लोणी खायला बसतो, आणि मी त्यांच्यातलाच एक होतो. त्या दोन महिन्यांत माझं ताट आणि त्यांचं ताट सारखं दिसतं. पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "जमिनीखालचं म्हणतोस, कंद आहे काय रे?" म्हटलं, कंद नव्हे आई, कोंब. "मग खा," म्हणाली. ताटातल्या बटाट्यांचं मी तिला सांगितलं नाही. अशी दोन्हीकडची परवानगी मिळालेली ती एकच गोष्ट.

तरी गेल्या वर्षीच्या मोसमापासून तिचा वास आला की तोंड कडू होतं.

आमच्या इंगोलश्टाटहून श्रोबेनहाउझेनकडे जाताना दोन्ही बाजूंना शेतं लागतात. मे महिन्यात त्यांच्यावर काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या असतात. पहाटेच्या उजेडात लांबून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी सगळा माळ पॅक करून ठेवलाय, आता फक्त ट्रक यायचा बाकी आहे. त्या पट्ट्यांमधून वाकलेली माणसं हळूहळू पुढे सरकत असतात. मातीला भेग पडलेली दिसली की दोन बोटं खुपसायची, कोंब मोकळा करायचा, लांब सुरीनं खालून कापायचा, खड्डा बुजवून थापीनं सारखा करायचा आणि पुढच्या भेगेकडे. ही माणसं रुमेनियातून येतात, मोसम संपला की परत जातात. त्यांची पाठ भरून आली तर त्या दिवशी अख्ख्या गावाला 'आमच्याच भागातला श्पार्गेल' मिळायचा नाही. पण पाटी खोटी नाही. माती इथलीच आहे. माती कुणाची यावरून माल कुणाचा ते ठरतं, पाठ कुणाची यावरून नाही. मी पंचवीस वर्षं धंदा केला, पण ही गोष्ट गेल्या वर्षीच नीट कळली.

माझा धंदा सांगतो. कोल्हापूरजवळ शिरोलीला लोखंड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत. त्यातली एक बाळासाहेबाची. आम्ही दोघं सरकारी पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. तो तिथं राहिला, मी ट्रेनिंगला म्हणून जर्मनीत आलो आणि चिकटलो. त्यानं ओतायचं, मी इथं विकायचं. इथं म्हणजे मुख्यतः लेखनर यांना. दोन पिढ्यांचा घरचा कारखाना, मोटारींच्या पंपांची घरं, म्हणजे बाहेरची कवचं, बनवतो, पुढे तो माल मोठ्या गाडीवाल्यांकडे जातो. म्हाताऱ्या लेखनरांना बाळासाहेबानं ओतलेलं पहिलं कास्टिंग दाखवायला मी ते पाठीवरच्या पिशवीत घालून बसनं गेलो होतो. त्यांनी ते नखानं वाजवलं, खिडकीपाशी नेलं, आणि भाव विचारला. मी सांगितला. त्यांनी निम्मा सांगितला. मी पिशवी बंद करून उठलो. दारापर्यंत पोचायच्या आत त्यांनी हाक मारली. त्या एका हाकेवर माझं घर, मुलीचं शिक्षण, सगळं उभं आहे. दारापर्यंत सावकाश चालायचं आणि हाकेची वाट बघायची. मला धंद्यातलं येतं ते एवढंच.

लेखनरांकडे दर मे महिन्यात श्पार्गेलचं जेवण असतं. कारखान्याच्या मागच्या अंगणात लांब बाकं मांडतात, माल पुरवणारे सगळे येतात. म्हातारे स्वतः सोलायला बसायचे. टोकाच्या जरा खाली धरायचं आणि सोलणी खालपर्यंत एकदम ओढायची, थांबायचं नाही. हे त्यांनी मला शिकवलं, आपल्या शेजारी बसवून. ज्या वर्षी सगळ्या जगाची दारं बंद झाली, बंदरांत जहाजं अडकली, त्या वर्षी मी भांडून, ओरडून, हातापाया पडून शिरोलीचा माल कसाबसा आणला आणि लेखनरांचं मशीन एक दिवस बंद पडू दिलं नाही. त्यानंतरच्या जेवणात म्हातारे ग्लास घेऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हेर मगदूम नसते तर आज आपण गवत खात असतो." सगळे हसले. माझी जागा म्हाताऱ्यांच्या उजव्या हाताला कायमची झाली.

गेल्या वर्षी गेलो तर त्या खुर्चीवर चेक देशातला एक गोरटेला फाउंड्रीवाला बसला होता. माझ्या नावाची चिठ्ठी दुसऱ्या टेबलावर होती, कारखान्याच्या टॅक्स सल्लागाराशेजारी. तो सल्लागार भला माणूस. त्यानं मला बटाटे वाढले. मी समजलो. बाजारात दुकानदार चहा मागवायचा बंद झाला की समजायचं असतं.

धाकटा लेखनर उभा राहिला. आता कारभार त्याच्याकडे आहे. चाळिशीचा, धावायला जातो, हळू बोलतो. म्हणाला, जग बदललंय. मोटारीचं काम कमी होतंय, नवं काम आलंय. कसलं, ते त्यानं सांगितलं नाही, पण या भागात नवं काम कसलं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रणगाडा म्हणायचं नसतं, 'सुरक्षा' म्हणायचं असतं. पंप तेच राहतील, पण नव्या गिऱ्हाइकाची अट अशी, की सगळे भाग युरोपातलेच हवेत. आपण फार काळ दुसऱ्यांवर विसंबलो. गॅस एकाकडून, चिप दुसऱ्याकडून, संरक्षण तिसऱ्याकडून. आता आपल्या पायावर उभं राहायला हवं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. का नाही वाजवायच्या? तो म्हणत होता ते खरंच होतं. एकाच विकणाऱ्यावर विसंबलेलं गिऱ्हाईक हे स्वतःच विकलं गेलेलं असतं, हे त्याच्या बापाला मीच सांगत आलो. महासागरापलीकडच्या थोरल्या भावानं खांद्यावरचा हात काढून घेतला, तर युरोपनं उभं राहायला शिकायला नको? मी इथं कर भरतो. मत देतो. जर्मन पासपोर्ट घेतला त्या दिवशी टाउन हॉलमध्ये उभं राहून या देशाच्या घटनेला जागेन असं बोललो, आणि तेव्हा म्हातारे लेखनर टाय लावून मागच्या रांगेत बसले होते.

मग धाकटा माझ्याकडे वळला. हसून म्हणाला, "आणि हेर मगदूम आपल्याला आपले पॅटर्न घरी आणायला मदत करतील."

घरी!

पॅटर्न म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग वेडेपणाचा वाटेल. ओतकामात वाळूत जो आकार उठवतात, त्याची मूळ प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, दोन भागांत, रंग दिलेला. त्याच्यावरून वाळूत ठसा घ्यायचा, ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. या धंद्याची जगभर रीत अशी, की पॅटर्नचे पैसे गिऱ्हाईक भरतं आणि तो त्याच्या मालकीचा असतो. फाउंड्रीनं तो फक्त सांभाळायचा. लेखनरांचे सगळे पॅटर्न शिरोलीत बनले. पहिल्या पॅटर्नचं कास्टिंग सारखं एका कोपऱ्यात तडकायचं. बाळासाहेबानं तो कोपरा भरला, घासला, पुन्हा भरला, वितळलेलं लोखंड आत शिरायची वाट बदलली. जर्मन ड्रॉइंगमध्ये जे नव्हतं ते वर्षानुवर्षं त्या लाकडात मुरत गेलं. ते पॅटर्न शिरोलीच्या रॅकवर जन्मले, तिथंच म्हातारे झाले. त्यांनी जर्मनी कधी पाहिलीही नव्हती. आणि हा म्हणतो, घरी आणायचे.

मी तिथंच उठून बोलायला हवं होतं. सल्लागार मला लोणी हवं का विचारत होता. मी हो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्याच्या ऑफिसात गेलो. पूर्ण तयारीनं. माझा राग हे माझं हत्यार आहे. तो मी केव्हा काढायचा ते मला कळतं, निदान तोवर कळत होतं. टेबलावर हात आपटून म्हणालो, पॅटर्न तुमचा, पण त्यातल्या दुरुस्त्या कुणाच्या? त्या कुठल्या कागदावर आहेत? नव्या फाउंड्रीत हाच पॅटर्न लावलात तर पहिल्या वर्षी निम्मा माल भंगारात जाईल. तुमच्या वडिलांना विचारा, श्पार्गेलचं नवं शेत लावलं तर पहिली वर्षं सुरी लावत नाहीत. तुम्ही लावल्या दिवशी कापायला निघालात. दोन वर्षं द्या, दोन्हीकडे माल चालू ठेवा, दुरुस्त्यांचा मोबदला द्या आणि बदली माझ्या हातून होऊ द्या.

तो सगळं ऐकत होता. मधे मधे "गेनाऊ", म्हणजे 'अगदी', म्हणत होता. शेवटी म्हणाला, "हेर मगदूम, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे."

आमच्याकडे समोरचा असं म्हणाला की तो वाकला असं धरतात. मी मनात आकडा थोडा वाढवलासुद्धा.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला, "पण निर्णय झालाय."

झालं. भांडण नाही, घासाघीस नाही. त्यानं कॉफी विचारली. मी उठलो आणि दारापर्यंत गेलो, सवयीनं सावकाश. हाक आली नाही. मागे बघितलं तर तो उभा राहून हसतमुखानं मला निरोप द्यायची वाट बघत होता.

व्हिटसन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत ईरा घरी आली. आमची मुलगी, येना विद्यापीठात ऑप्टिक्स शिकते. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. मी जेवताना पुन्हा तोच विषय काढला. वैजू म्हणाली, "आज तरी नको ना. पोरगी चार दिवसांसाठी आलीय." पण मला थांबता येत नव्हतं.

ईरानं काटा खाली ठेवला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, हे तुमच्याविरुद्ध नाहीये. आमच्या लॅबमध्येही तेच चाललंय. एक लेझर बाहेरून यायची बंद झाली की अख्खं काम थांबतं. आम्हाला आमचं आम्ही करायला शिकलंच पाहिजे."

आमचं आम्ही म्हणताना तिचा हात स्वतःच्या छातीकडे गेला. मग टेबलावरून फिरून खिडकीकडे, बाहेरच्या रस्त्याकडे. माझ्यावरून गेला, थांबला नाही.

"आणि मी कोण?" मी मराठीत ओरडलो. "मी आमच्यात नाही?"

"तुम्ही आहातच, पापा. पण कास्टिंग नाहीयेत."

वैजू हसली. मग माझं तोंड बघून पाणी वाढायला लागली. पोरीचं म्हणणं बिनचूक होतं. इतकं बिनचूक बोलायला तिला मीच शिकवलंय, या देशात आणून. मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेलो आणि उरलेले श्पार्गेल उभ्या उभ्या खाल्ले, गार झालेले, लोणी गोठलेले.

तरी माझ्याकडे हुकमाचा एक पत्ता राखून होता. पॅटर्न शिरोलीत होते. मी बाळासाहेबाला फोन करून सांगितलं होतं, "थांबवून धर. पॅकिंगला वेळ लागतोय म्हण, लाकूड मिळत नाही म्हण. मोसम संपला की त्यांना नव्या गिऱ्हाइकाचा पहिला माल द्यायचाय. पॅटर्न नाहीत, माल नाही. मग येतील माझ्याकडे." तो "बरं" म्हणाला होता. मी वाट बघू लागलो. त्या वर्षीचा मोसम म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर वाट बघणंच आहे. फोन टेबलावर उताणा ठेवलेला. रस्त्याकडेच्या लिंडनच्या झाडांना फुलं आलेली, त्यांचा गोडसर चिकट वास गाडीच्या काचेवर बसलेला. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, आणि त्या न संपणाऱ्या उजेडात मी गच्चीत बसून सौद्याच्या ओळी पाठ करतोय. धाकटा असं म्हणाला तर मी तसं म्हणायचं.

एकदा नुसतं बसवेना म्हणून गाडी काढली आणि थेट शेतावर गेलो. म्हटलं, टपरीवर जास्त भावानं कशाला घ्यायचं, शेतकऱ्याकडूनच घेऊ. शेतकरी ट्रॅक्टरवरून खाली उतरला, टोपी मागे सारली. मी म्हटलं, एक पेटी द्या, रोख देतो, टपरीचा खर्च तुमचाही वाचेल.

"माझा श्पार्गेल फ्राऊ हुबर विकते," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय. मधला हात कशाला?"

त्याला माझं म्हणणं कळलं नाही असं नाही. तो खरोखर चकित झाला होता. "पण पाऊस असतो, थंडी असते, तरी ती तिथं उभी राहते. लोक तिला ओळखतात. मी इथून विकला तर तिनं काय करायचं?" आणि ट्रॅक्टरवर चढून गेला.

मी वरंब्यांच्या कडेला उभा राहिलो. पलीकडे रुमेनियन बाया एका ओळीत बसून डबे उघडत होत्या. त्यातली एक मला हात करून काहीतरी म्हणाली, बाकीच्या हसल्या. काय म्हणाली देव जाणे. कोट घातलेला एक माणूस चिखलात उभा राहून ट्रॅक्टरशी भांडत होता, असंच काहीतरी असणार.

जूनच्या मध्यावर फोन वाजला. धाकटा नव्हता, बाळासाहेब होता.

"काय लेका, कसा हैस?"

"त्यांचा फोन आला का तुला?"

"आलावता की. पाठवलं काल पॅटर्न. इमानानं."

मी उभा राहिलो. माल पाठवताना विमान म्हटलं की लेखनरांच्या हिशेबनीसाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "मला न विचारता? मी तुला थांबवून धर म्हणालो होतो!"

"व्हय, म्हणालावतास. पर मला रॅक मोकळं पायजे होतं. हितं नवीन काम आलंय."

"कसलं काम?"

"ह्येच. संरक्षणाचं. आपल्या देशाचं. आता सगळं आपलं आपण करायचं चाललंय न्हवं इकडं बी."

मला एकदम बरं वाटलं. बुडत्याला काय, काहीही बरं वाटतं. म्हटलं, "मग झकास! मला सांग ना, तुझ्या वतीनं मी बोलतो त्यांच्याशी. भाव काढून देतो. तुला बोलता येत नाही, तू लगेच हो म्हणतोस."

पलीकडून फाउंड्रीचा आवाज येत होता, डबे आपटल्याचा, कुणीतरी कुणाला शिव्या घालत असल्याचा.

"न्हाई चालत रं. त्या कंपनीनं सरळ सांगितलंय, मधी भायेरच्या देशाचा माणूस नको."

"बाहेरच्या देशाचा? बाळ्या, मी बाहेरचा? आपण एका सायकलवरून कॉलेजला गेलोय. मागं बसून तुझा चहाचा थर्मास मी धरलाय!"

"सायकल ऱ्हाऊ दे. पासपोर्ट कुठला हाय तुझा?"

मग मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. त्यानं ऐकून घेतलं. तोही म्हणाला, "तू म्हणतोस ते बरूबर हाय." ते ऐकलं आणि मी फोन ठेवला. हे वाक्य आता मला ओळखता येतं.

वैजू दारात उभी होती. सगळं ऐकलं असणार. म्हणाली, "अहो, बसा जरा." मी बसलो नाही. कुठं बसायचं ते कळेना. शिरोलीत आपलं आपण चाललेलं, इंगोलश्टाटमध्ये आमचं आम्ही चाललेलं. दोघंही आपापल्या जागी शहाणे. मी धाकट्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. बाळासाहेबाच्या जागी असतो तरी हेच. पण त्या दोन जागांच्या मध्ये जी अरुंद पट्टी होती, जिच्यावर मी उन्हापावसात इतकी वर्षं उभा होतो, ती कुणाच्याच नकाशात नव्हती. टपरी आहे म्हणून फ्राऊ हुबरला लोक ओळखतात. मी टपरी बांधली नाही. मला वाटलं, माणूस पुरे.

खोकी आली ती बरोबर योहान्सटागच्या, म्हणजे चोवीस जूनच्या आदल्या दिवशी. धाकट्यानं नम्रपणे कळवलं होतं, तुम्हाला उघडताना हजर राहायचं असेल तर आनंद होईल. वैजू म्हणाली, "जाऊ नका. कशाला स्वतःला त्रास?" मी गेलो. लेखनरांच्या त्याच मागच्या अंगणात, जिथं बाकं मांडतात, तिथं खोकी उतरवलेली होती. शिरोलीच्या सुताराची खोकी, खिळे जरुरीपेक्षा जास्त. आत भाताचा पेंढा. कापराचा आणि यंत्राच्या तेलाचा वास अंगणात पसरला आणि क्षणभर मला आपण कुठं आहोत ते सुधरेना. एका बाजूला तो चेक माणूस, माझ्या खुर्चीवर बसलेला, मोजायची हत्यारं घेऊन. चाकाच्या खुर्चीत म्हातारे लेखनर, मांडीवर शाल. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. पण आता कारभार त्यांचा नाही.

सगळ्यात मोठा पॅटर्न बाहेर काढला. तोच, सारखा तडकणारा. लाल रंग घासून गुळगुळीत झालेला, भरलेला कोपरा उन्हात वेगळा चमकत होता. आणि त्याच्या कडेवर पांढऱ्या रंगात, ब्रशनं, घाईघाईनं लिहिलेली मराठी अक्षरं.

चेक माणसानं बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनीही पाहिलं. अंगणातले सगळे थांबले. अख्खा मोसम मी ज्या प्रश्नाची वाट बघितली तो हाच होता. त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे, आणि त्यांना हवंय. महिनाभर मी ओळी पाठ केल्या होत्या. वाट्टेल ते सांगू शकलो असतो. म्हणू शकलो असतो, लिहिलंय की हे आमचं आहे. कोण तपासणार होतं? म्हणू शकलो असतो, उद्या माझ्या ऑफिसात या, बोलू.

लिहिलं होतं, 'अलगद ठेव.'

शिरोलीच्या कुणीतरी शिरोलीच्याच कुणासाठी लिहिलेलं. किती वर्षांपूर्वी, कोण जाणे. माझ्या डोळ्यांपुढे शिरोलीचं रॅक आलं आणि मला स्वतःचाच संताप आला, कारण घर आठवलेला माणूस भाव सांगू शकत नाही.

"सावकाश खाली ठेवा, असं लिहिलंय," मी जर्मनमध्ये म्हणालो.

"आह, डांके, हेर मगदूम," धाकटा म्हणाला. चेक माणसानं पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर तेच जर्मनमध्ये लिहिलं आणि मराठी अक्षरांवर नीट दाबून चिकटवला. मग चौघांनी पॅटर्न उचलला आणि खरोखर अलगद ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेतात सुऱ्या थांबल्या. योहान्सटागनंतर श्पार्गेल कापत नाहीत. उरलेले कोंब वर येऊ देतात, ते हिरवे होतात, पिसासारखे पसरतात, आणि मुळांना पुढच्या वर्षासाठी जोर देतात. फ्राऊ हुबरची टपरी एका ट्रॉलीवर चढून गेली. पार्किंगमध्ये चार चौकोनी ठसे राहिले, पावसात तेही गेले.

आता टपरी परत आलीय. मी दुसरी दोन गिऱ्हाइकं धरलीत, उपाशी नाही. हिवाळ्यात बाजारात ऐकलं की नव्या फाउंड्रीत लेखनरांचा माल कोपऱ्यात तडकतोय. खरं असेल, नसेल. ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला. हा देश आपल्या पायावर उभा राहावा असं मलाही वाटतं, माझी पोरगी इथं राहणार आहे. पण उभं राहताना तो कुणाच्या खांद्यावर हात ठेवून उठला, ते त्यानं विसरू नये एवढंच माझं म्हणणं. तेही तो म्हणेल बरोबर आहे.

काल लेखनरांचं निमंत्रण आलं, श्पार्गेलच्या जेवणाचं. रीत ती मोडत नाहीत. वैजूनं ते फ्रिजवर लावलं आणि विचारलं, "जाणार?"

"जाणार."

"कुठल्या टेबलावर बसवतील?"

"कुठंही बसवू देत."

जाईन, टॅक्स सल्लागाराशेजारी बसेन, त्यांच्यासारखंच ताट त्यांच्यासारखंच खाईन. पॅटर्नच्या त्या कोपऱ्यात काय भरलंय ते अजून कुठल्या चिकटपट्टीवर आलेलं नाही. बाळासाहेब आणि मी सोडून ते कुणाला ठाऊक नाही, आणि बाळासाहेबाला आता वेळ नाही. 'अलगद ठेव' फुकट गेलं. कोपऱ्याचं गुपित जाणार नाही. भाव मी ठरवून ठेवलाय. जेवण झाल्यावर दारापर्यंत सावकाश चालत जाईन.